सदतीस माणसांची उत्तरं

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

मागच्या पायरीवर आम्ही दोघी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. पंच्याण्णव साल असावं. माझी लेक सुलक्षणा वर्षाची होती, पोत्यावर बसून सालं तोंडात घालत होती. लिलाबाईला कामाला येऊन जेमतेम महिना झालेला. ती म्हणाली, "वैनी, ह्या डोंगराच्या पल्याड काय हाय?" मी म्हटलं, "कोकण." "आन् त्याच्या पल्याड?" "समुद्र." "आन् त्याच्या?" मला हसू आलं. म्हटलं, "शेंगा सोल." तीही हसली. बस, एवढंच. आज का आठवावं? पण काय छान दुपार होती ती! किती साधं माणूस, असं मनात आलं होतं, आणि माया वाटली होती.

आठवलं ते दिशामुळे. दिशा म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी. पुण्यात संशोधन करते. गेले दोन महिने शनिवार-रविवार आमच्या बाहेरच्या खोलीत मुक्कामाला असते. आज तिनं फोनवर विचारलं, "काकू, लिलाबाईंना किती वर्षं ओळखता?" म्हटलं, "एकोणतीस. तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त ओळखते मी तिला!"

तिचं काम मला आता बरंच समजलंय. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. काहीतरी हवंसं वाटणं, हुरूप येणं, यात त्याचा हात असतो. त्याच्याशी संबंधित जनुकं माणसामाणसांत थोडी वेगळी असतात. तर चांगल्या धडधाकट माणसांच्या स्वभावातला फरक त्यामुळे पडतो का? कुणी धाडसी, कुणी बुजरं, कुणाला सारखं नवं काही हवं — हे तिथून येतं का? "पूर्वी काही जणांना संबंध सापडला होता," दिशा म्हणते, "नंतर खूप जणांनी शोधला तर सापडला नाही. म्हणून तर बघायचं."

लाळेची एक नळी आणि स्वभावाचा एक फॉर्म. एकशेचाळीस वाक्यं. प्रत्येकापुढे खरं किंवा खोटं. इंग्रजीतून मराठी मी केलं! शाळेतल्या सिस्टर बर्नादेत असत्या तर खूश झाल्या असत्या. गावातले फॉर्म दिशानं स्वतः भरून घेतले. डोंगरावरच्या वाडीचे, म्हणजे लिलाबाईच्या वस्तीचे, माझ्याकडे. "तुमच्याशी ती माणसं मोकळं बोलतील, काकू."

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिशा आज पुण्याला न जाता थांबली. दोघी वाडीवर गेलो. थुंकायला कुणाची ना नव्हती. धाकलू म्हणाला, "थुकीचं बी काम निगालं का सरकारला! हितं तर फुकट टाकतो आमी." बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. दिशानं सगळं समजावून सांगितलं — केव्हाही नाही म्हणता येईल, केव्हाही परत मागता येईल. अंगठे घेतले. सदतीस नळ्या.

मग फॉर्म. पहिली लिलाबाई. मी वाचलं, "अनोळखी रस्त्यानं एकटं जायचं झालं तर मला धास्ती वाटते."

"कंचा रस्ता?"

"कुठलाही."

"दिवसा का तिन्हीसांजेला?"

"अगं, कधीही."

"बरुबर शेळ्या हायेत का?"

"लिलाबाई, खरं का खोटं एवढंच सांग."

"तसं कसं सांगू वैनी? खरं बी हाय आन् खोटं बी हाय." आणि मग तिच्या थोरल्या जावेच्या शेळीची गोष्ट.

दीड तासात बारा वाक्यं! एकशेचाळीसांपैकी बारा! पाय भरून आले. दिशा तिकडे खोक्यात बर्फ घालत घड्याळ बघत होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिलाबाईचा फॉर्म पुरा केला. तिला हाक मारली नाही, ती मागे भांडी घासत होती. बावीस मिनिटं लागली. इतकं ओळखते मी तिला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वाडीचे सगळे झाले. प्रत्येकाला दहा-बारा वाक्यं विचारली, बाकीची घरी येऊन भरली. सर्वांना वर्षानुवर्षं बघतेय. कोण बुजरं, कोण समाधानी, कुणाला काही नको असतं — हे मला विचारत बसायला हवं का?

चंद्राबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिला विचारलं, "मला राग लवकर येतो — खरं की खोटं?" ती इतकी हसली की खोकला लागला. म्हणाली, "राग येऊन जाईल कुटं? आमच्यातच ऱ्हातो त्यो." मला वाक्य फार आवडलं. पण त्याला चौकट नव्हती. मी 'खोटं' वर खूण केली.

आमचे विलासराव डोकावले. "पेपर तपासतेस का काय?"

"तसंच म्हणा."

"पास कर हां सगळ्यांना."

खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणायचा आणि खूण करायची. किती जिव्हाळा आहे आपला, असं वाटत होतं.

२ डिसेंबर, सोमवार

माझा स्वतःचा फॉर्म. नव्या गोष्टींची आवड — खरं. नवी माणसं — खरं. पटकन रागावते — खोटं. मूल्यशिक्षणाच्या परीक्षेत लिहायचे तशी उत्तरं लिहिली. प्रश्न वाचला की बरोबर उत्तर कुठलं हेच आधी दिसतं! ती सवय जात नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

दिशा आज नाचतच आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "काकू, वाडीचा गट एकदम वेगळा निघाला!"

तिनं लॅपटॉपवर दाखवलं. गावातले ठिपके सगळीकडे विखुरलेले. वाडीचे खाली एका कोपऱ्यात, मुंग्या साखरेला लागाव्यात तसे. नव्याची ओढ — कमी. भीती — जास्त. समाधान — जास्त. आणि एका जनुकाचा एक प्रकार वाडीवर गावापेक्षा जास्त सापडतो. तसं असतं म्हणे, वेगवेगळ्या लोकांचे पूर्वज वेगळे, म्हणून प्रमाण वेगळं. "पण बघा ना, तो प्रकार असलेल्यांना नव्याची ओढ कमी! इतका स्पष्ट संबंध! आमचे सर म्हणतात, फार सुबक दिसतंय, परत तपास. पण मी परत तपासलंय. बंगळुरूच्या परिषदेत निबंध घेतलाय माझा. मार्चमध्ये!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चार वर्षं झाली, हे करतेय ती. मी आत जाऊन शिरा केला.

तो कोपरा मी काढलाय. मुंग्या नाहीत, माझ्या पेनाच्या खुणा आहेत.

शिरा चांगला झाला म्हणाली.

२२ डिसेंबर, रविवार

काल सांगायला हवं होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

मी मनाशी वाद घालते. समजा, विचारलं असतं. उत्तरं हीच आली असती ना? मग काय बिघडलं? लिलाबाई समाधानी नाही का? तिनं कधी काही मागितलं का माझ्याकडे?

१ जानेवारी २०२५, बुधवार

इंद्रजित शुभेच्छा द्यायला आला होता. विलासरावांच्या आत्याचा नातू. धरणाच्या पाण्याकाठी त्यानं रिसॉर्ट काढलंय. चहा पिताना म्हणाला, "काकू, तुमच्या त्या संशोधनाचं काकांनी सांगितलं. भारी आहे राव! वाडीच्या लोकांच्या जीन्समध्येच नाही म्हणे ते, पुढे होऊन काही करायचं."

मी विलासरावांकडे पाहिलं. ते बशीत बघत होते. त्यांना कुणी सांगितलं? मीच. शिऱ्याच्या रात्री, जेवताना. मिरवलं नाही, पण सांगितलं. पोटात दुखत असताना माणूस बडबडतो तसं.

"असं नाही ते," मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही."

"ठरायचं काय त्यात? आपण बघतोच की. साफसफाईला एक नंबर माणसं. पण पाहुण्यांसमोर उभी करा, मान वर करत नाहीत."

मी बिस्किटांची बशी पुढे केली. बिस्किटांची बशी!

६ जानेवारी, सोमवार

लिलाबाईची नात प्रियंका. बारावी झाली, पिरंगुटला कंपनीत पॅकिंगला जाते. इंद्रजितला डोंगरात पाहुणे फिरवायला गाइड हवा होता. तिनं अर्ज दिला होता. कुठल्या झाडाला कधी फूल येतं, कुठल्या घळीतून वाट निघते, तिला तोंडपाठ. हिंदी येतं, कामापुरतं इंग्रजी येतं — थोडं मीच शिकवलंय.

नाही म्हणाला. "काकूंच्या घरात विचार, तुमच्या लोकांचा तो स्वभाव नाही," असं सांगितलं तिला.

लिलाबाईनं हे मला भांडी घासता घासता सांगितलं. रागानं नाही. मग नळ बंद केला आणि विचारलं, "वैनी, तुमच्या घरात काय इचारायचं असतंय?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

९ जानेवारी, गुरुवार

आज तिनं सोडलं नाही.

"त्या कागदावर माझं काय लिवलंय?"

"स्वभावाबद्दल."

"वाचून दावा."

फॉर्मची झेरॉक्स माझ्याकडे आहे, दिशानं ठेवायला दिली होती. मी वाचायला लागले. ती जमिनीवर बसली होती. मीही खाली बसले. का कोण जाणे, खुर्चीवरून वाचवेना.

"नवीन ठिकाणी जायला मला आवडतं — खोटं."

"ह्ये कुणी सांगितलं?"

मी पुढचं वाक्य शोधायला लागले.

"म्या सांगितलं?"

"नाही."

"मंग?"

"मला वाटलं."

तिनं माझ्या हातातल्या कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "तुमच्याकडं लागायच्या आदी आमी कोळशाच्या भट्टीवर जायचो, तवा दर साली नवा मुलूख. मुकादम म्हनायचा, गेल्या साली गेलता तितंच चला. घरचा मालक बी तयार. मीच न्हाई म्हनायची. औंदा दुसरीकडं. भांडायची मालकासंगं. एकदा पार रत्नागिरीपातूर नेलं त्याला. समुद्रात बोटीत बसले. त्यो बसला न्हाई, काठावर रडत हुता." आणि ती खदखदून हसली. "मी गेले की वल्हवत!"

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी इचारलं का?"

मग हळूच, लाजत: "आन् आता बी जाते. सुट्टीच्या दिशी."

"कुठं?"

"बशीत बसते. जी येईल ती. पार शेवटच्या थांब्यापातूर. चांद्याला गेले, सुसला गेले, कात्रजला बी. तितं चहा प्यायचा, मान्सं बघायची."

"पाटी तर वाचता येत नाही तुला. परत कशी येतेस?"

"त्याच बशीत बसून ऱ्हाते की! कंडक्टर वळखत्यात आता. म्हनत्यात, आजी आली फिरायला."

एकोणतीस वर्षं मला सांगते, 'वैनी, पाव्हन्याकडं जाऊन येते.' आणि मी म्हणायची, किती पाहुणे बाई हिला!

"तुमी कुटं जाता वो वैनी?" तिनं विचारलं. "गाडी आली तर जाता. दादांनी नेलं तर जाता." टोचून नाही म्हणाली. चौकशी केल्यासारखं.

पुढचं वाचायला सांगितलं तिनं. सगळं. प्रत्येक वाक्याला "ह्ये बी तुमीच?" "हो." "ह्ये बी?" "हो." शेवटी शेवटी विचारायची बंद झाली.

जाताना पावट्याच्या शेंगा पदरातून काढून ठेवल्या. "परड्यातल्या हायेत," म्हणाली.

१० जानेवारी, शुक्रवार

वही चाळली. चौदा नोव्हेंबर. माझंच अक्षर. "आन् त्याच्या पल्याड?" — मीच लिहिलंय! "शेंगा सोल" — तेही मीच. समुद्र बघून आलेल्या बाईला मी समुद्र सांगत होते. किती साधं माणूस म्हणे! डोंगरापलीकडचं, त्याच्या पलीकडचं, त्याच्याही पलीकडचं विचारणारी बाई. आणि पाचच दिवसांनी त्याच हातानं लिहिलं, नव्याची ओढ — नाही.

वाचता वाचता कान तापले. एकटी असून.

१५ जानेवारी, बुधवार

चंद्राबाई गेली. काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन कुणी गेलं तेव्हा बसलेली होती म्हणे. सकाळी उठली नाही.

मी वर गेले. तिची लेक गंगूबाई दारात बसली होती. मला बघून म्हणाली, "आईनं तुमची लई चेष्टा केली वो बाई. म्हनायची, ती कागदवाली मला इचारती राग येतो का, आन् आपनच सांगती न्हाई येत." रडता रडता हसली ती. भोवतीच्या बायकाही हसल्या.

म्हातारीनं माझ्या पेनाकडे पाहिलं होतं तर! तिला अक्षर येत नव्हतं, पण तिनं सांगितलं ते आणि मी केलं ते वेगळं आहे, हे तिला दिसलं होतं.

बाकी छत्तीस जणांना परत विचारता येईल. तिला नाही. तिचं उत्तर कायमचं माझंच राहणार.

१८ जानेवारी, शनिवार

दिशा आली नाही, बरं झालं. निबंध लिहितेय म्हणाली फोनवर. "तुमचे आभार मानलेत काकू, नावासकट!"

शाळेची प्रगतिपुस्तकं काढून बसले. बोर्डिंगची अकरा वर्षं. दर सत्राला शेऱ्याच्या रकान्यात तेच — शांत, आज्ञाधारक. सिस्टर बर्नादेतचं तिरकं, सुंदर अक्षर. मी पाण्याच्या टाकीवर चढायची, खडकीच्या रेल्वेचे डबे मोजायला. दर गुरुवारी. तीन वर्षं. कुणाला ठाऊक नव्हतं. 'शांत, आज्ञाधारक' वाचून आई-बाबा खूश व्हायचे. हळूहळू मी टाकीवर चढायची थांबले. कुणी अडवलं म्हणून नाही. शेरा होता तशी झाले.

मला सिस्टरांचा राग नाही. त्यांना शंभर मुली होत्या, प्रेमळ होत्या बिचाऱ्या. पण मला माहीत होतं हे कसं असतं ते! मला तरी माहीत असायला हवं होतं.

दिशाला पत्र लिहायला घेतलं. चार वेळा. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत मी स्वतःची बाजू मांडते. वेळ कमी होता. माणसं खूप होती. चारही फाडली.

२१ जानेवारी, मंगळवार

विलासराव म्हणतात, "कशाला उकरतेस? त्या पोरीचं वाटोळं होईल. आणि असल्या निबंधानं वाडीला काय होणारे, त्यांना थोडंच वाचायचंय?"

"प्रियंकाला झालं की."

मग म्हणाले, "इंद्रजितला मी बोललो, चूक झाली." हे त्यांच्या तोंडून लग्नानंतर तिसऱ्यांदा ऐकलं असेन.

२३ जानेवारी, गुरुवार

फोन केला. लिहून नाही, बोलून.

"दिशा, वाडीचे फॉर्म मी भरलेत."

"हो काकू, तुम्हीच भरलेत की."

"तसं नाही. मी माझ्या मनानं भरलेत. त्यांना न विचारता."

तिकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"किती?"

"सदतीस."

"सगळे?"

"पहिली दहा-बारा वाक्यं खरी आहेत. म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली. मग: "म्हणजे मी दोन महिने तुमचा स्वभाव मोजत होते, काकू. वाडीचा नाही."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "मी सरांना सांगते," म्हणाली आणि ठेवला. ती नेहमी म्हणते, "ठेवू का काकू?" आज नाही म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

इंद्रजितकडे स्वतः गेले. रिक्षा करून, एकटी. सांगितलं, संशोधन वगैरे काही नाही, ते सगळं माझं खोटं होतं, त्या मुलीला घे. तो हसला. "काकू, टेन्शन नका घेऊ. सायन्सचं काय, आज एक, उद्या एक. पण मला जे दिसतं ते दिसतंच ना?" गाइड चिंचवडहून आणलाय त्यानं. पियूष नावाचा. परवा दोन पाहुण्यांना घेऊन घळीत वाट चुकला म्हणे. उतरवायला वाडीचीच माणसं गेली.

खोटं एकदा कुणाच्या उपयोगी पडलं की परत घेता येत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

दिशा आली. खोलीत न जाता ओट्यावरच बसली. निबंध मागे घेतला तिनं. संस्थेच्या समितीपुढे सगळं मांडलंय. एक वर्ष तरी लांबलं काम. वाडीचा गट काढून टाकला की तो संबंधही गेला — गावातल्या माणसांत त्या जनुकाचा आणि नव्याच्या ओढीचा काही मेळच दिसत नाही. जनुकाचा तोच प्रकार असलेले दोन भाऊ, एक दुबईला, एक देवळाच्या पारावर.

"ते सुबक होतं ना, तिथेच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "माणसं इतकी सारखी नसतात."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नंतर मागा, काकू. आधी वर चला."

९ फेब्रुवारी, रविवार

वाडीच्या समाजमंदिरात सगळे जमले. दिशानं मला बोलायला सांगितलं. शाळेत वक्तृत्वाला बक्षिसं मिळवलीत मी! इथं ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. सरळ सांगितलं — तुमचे कागद मी घरी बसून भरले. तुम्ही कसे आहात हे तुम्हाला न विचारता मी ठरवलं.

आधी हसणंच पिकलं. नथू म्हणाला, "मला काय ठरिवलं?" मी म्हटलं, "बुजरा." वाडी नुसती फुटली! नथू भजनात ढोलकी वाजवतो, लग्नात नाचायला लोक त्याला घेऊन जातात. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या फाटकाशी तो मान खाली घालून उभा राहतो, तेवढंच मला ठाऊक.

मग धाकलू उठला. हसत नव्हता.

"बाई, एक इचारू? आमचं खरं काय ते तुमास्नी नकोच हुतं, मंग आमची थुकी कशापायी घेतली?"

दिशा म्हणाली, "दादा, परत विचारू का सगळ्यांना? नीट, वेळ घेऊन?"

"आमी ठरिवतो," धाकलू म्हणाला. "आमचं आमी ठरिवतो."

मागून प्रियंका म्हणाली, "आणि ठरवायला वेळ लागेल." शुद्ध मराठीत, माझ्याकडे बघत. मी शिकवलेल्या पोरीनं.

लिलाबाई पूर्ण वेळ भिंतीला टेकून होती. एक शब्द बोलली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिलाबाई कामाला आली. नेहमीसारखी. मी दार उघडून उभीच. "बाजूला व्हा की वैनी, केर काढायचाय," म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज तिला विचारून विचारून ऐकत होते. भट्टीवरचे दिवस, बोट, नवरा कसा रडला. ती सांगते. हातवारे करून सांगते. मी चहा केला, दोघी खालीच बसलो. किती हलकं वाटलं! असं वाटतंय, या वयात का होईना, आमची ओळख होतेय. माणसं किती मोठ्या मनाची असतात. मी इतकं केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काही नाही.

सुलक्षणाला फोनवर सांगितलं, "लिलाबाईनं मला माफ केलं गं."

ती सुसहून म्हणाली, "तिनं तसं म्हटलं का, आई?"

१ मार्च, शनिवार

वाडीचा निरोप घेऊन दिशा आली. एकाच कागदावर सगळ्यांचे अंगठे. नळ्या परत हव्यात, सगळ्यांना. समितीनं मान्य केलंय. यादीत पहिला अंगठा लिलाबाईचा. शेजारी प्रियंकाच्या अक्षरात तारीख: आठ फेब्रुवारी — सभेच्याही आदल्या दिवसाची. त्यानंतर ती रोज आली, केर काढला, चहा प्याली, मी विचारलं ते सांगितलं.

मी म्हटलं, तिची नळी मी नेऊन देऊ का? दिशा म्हणाली, "त्या म्हणाल्यात, वैनींच्या हातून नको."

दिशासाठी लिहून ठेवलं, तेच इथं उतरवते.

नळ्या ज्याची त्याच्या हातात, नाव वाचून. एकाची दुसऱ्याकडे नाही.

लिलाबाईची तिला, तिच्या दारात. माझ्या घरी नाही.

चंद्राबाईची गंगूबाईला. तिचा फॉर्मही तिलाच. तो फाडायचा का ठेवायचा, ते तिनं ठरवावं.

कोरे फॉर्म आणि यादी प्रियंकाकडे. कुणाला पुढे कधी सांगावंसं वाटलं तर ती लिहून घेईल. नाही वाटलं तर नाही.

माझ्याकडे काही देऊ नये.